आवडतं होतं, तरी बंद झालं

मुठीत धरता येईल एवढंच ते यंत्र. टिनचा मुलामा दिलेल्या पत्र्याचं अंग, धरायला दांडा, पानं भरायला वर एक लहानसं तोंड आणि बाजूला फिरवायची मूठ. आत एक दातेरी रूळ. पार्सली धुऊन, झटकून, फडक्यावर कोरडी करायची, नुसती पानं खुडून वरून भरायची, बोटाने किंचित दाबायची आणि मूठ फिरवायची. रुळाचे दाते पत्र्याच्या फटींतून फिरताना पानं कातरत जातात आणि खाली बारीक, सुटा, हिरवागार चुरा पडतो. वीज लागत नाही, विळी लागत नाही, हाताला हिरवे डाग पडत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत ब्रिटनमधल्या स्वयंपाकघरांत हे यंत्र ‘मुली पार्समिंट’ या नावाने पोचलं. मूळ घराणं फ्रेंच, मुलिनेक्स कंपनीचं. पार्सली आणि पुदिना बारीक करणं एवढंच त्याचं काम, आणि ते काम ते फार चांगलं करत असे.

चांगलं म्हणजे किती, हे पानाच्या अंतरंगात शिरल्याशिवाय कळत नाही. पुदिना, तुळस या कुळातल्या वनस्पतींचं सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत साठलेलं असतं. पार्सली-कोथिंबिरीचं तेल पानाच्या आतल्या नलिकांत असतं. पान चेचलं की पेशी सरसकट फुटतात, पाणी सुटतं, आणि आतली विकरं हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने पानाचा रंग काळवंडून टाकतात. बोथट सुरीने चिरलेला पुदिना थोड्याच वेळात काळा पडतो, तो याच कारणाने. धारदार पात्याने कातरलं तर कडेच्या मोजक्याच पेशी फुटतात, रंग टिकतो आणि वास वाटीत उतरतो. खलबत्ता चेचतो, किसणी फाडते, ही गिरणी कापते. इंग्लंडात भाजलेल्या कोकराच्या मांसाबरोबर पुदिना, व्हिनेगर आणि साखर यांचा सॉस करतात. त्या सॉससाठी मूठभर पुदिना एकसारखा बारीक हवा असतो, आणि चाकूने तो तसा चिरायला सराव लागतो. या यंत्राला सराव लागत नव्हता. पहिल्यांदा स्वयंपाक करणाऱ्यालाही ते तितकाच बारीक पुदिना काढून देई.

मग हे यंत्र बंद का झालं?

लोकांना आवडेनासं झालं असेल, हे सर्वांत सोपं उत्तर आणि सर्वांत चुकीचं. ज्यांच्याकडे ते होतं त्यांनी ते वर्षानुवर्षं वापरलं, पुढच्या पिढीला दिलं, जुन्या वस्तूंच्या बाजारात आजही त्याला गिऱ्हाईक आहे. वस्तू आवडणं ही एक गोष्ट, आणि ती दरवर्षी कारखाना चालेल इतक्या संख्येने विकली जाणं ही वेगळी. या दोहोंमधल्या अंतरात कितीतरी गुणी अवजारं संपली. त्यांच्याविषयी हळहळ वाटते ती म्हणूनच. त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, नेमून दिलेलं काम चोख केलं होतं.

या यंत्राची कुळकथा मुलिनेक्सचे संस्थापक ज्याँ मांतले यांच्यापासून सुरू होते. त्यांचा जन्म १९०० सालचा, पॅरिसचा. पॅरिसजवळ बान्योले इथे त्यांचा शेतीचे हातपंप बनवण्याचा लहानसा कारखाना होता. बायकोने केलेल्या बटाट्याच्या लगद्यात गुठळ्या राहत, त्यावरून त्यांना हाताने फिरवायच्या भाजी-गाळणीची कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. तशीच गाळणी बेल्जियममध्ये व्हिक्टर सिमों यांनी १९२८ साली आधीच केली होती, हेही सांगायला हवं. मांतल्यांचं श्रेय शोधापेक्षा हिशोबात जास्त आहे. १९३२ साली त्यांनी आपली गाळणी लिओंच्या व्यापारी जत्रेत ३६ फ्रँकला मांडली, आणि ती जवळपास पडून राहिली. मग त्यांनी किंमत २० फ्रँकवर आणली आणि तीच वस्तू पॅरिसच्या जत्रेत नेली. तिथे तिच्यावर उड्या पडल्या. वर्ष संपेपर्यंत कारखान्यातून दिवसाला दोन हजार गाळण्या बाहेर पडत होत्या.

मांतल्यांनी त्यातून जो धडा घेतला तो आयुष्यभर सोडला नाही. आधी सामान्य घरातली बाई किती पैसे देईल ते ठरवायचं, मग तेवढ्यात बसेल अशी वस्तू घडवायची आणि ती प्रचंड संख्येने काढायची. १९३७ साली कारखाना नॉर्मंडीतल्या आलाँसाँ गावी गेला. एकामागून एक पेटंटं आली. किसण्या, गाळण्या, काप करणारी यंत्रं आणि त्यांतच पार्सलीची ही गिरणी. सगळ्यांची बांधणी एकाच धाटणीची. पत्रा ठोकून घडवलेले भाग, फिरवायची मूठ आणि परवडणारी किंमत. फ्रान्समधल्या कष्टकरी घरांतल्या स्वयंपाकाचे तास या वस्तूंनी खरोखर कमी केले. मांतल्यांचं हे मोठं काम आहे आणि ते मनापासून मान्य करायला हवं. पण पार्सलीच्या गिरणीचा शेवटही याच हिशोबात दडलेला होता.

पत्रा ठोकून वस्तू करायची तर आधी साचा लागतो, कारखान्याच्या भाषेत डाय. गिरणीचं तोंड, अंग, दांडा, रुळावरची दात्यांची पट्टी, प्रत्येक भागाला वेगळी डाय. ती कठीण पोलादाची, कसबी टूलमेकरने घासूनपुसून केलेली आणि महाग. शिवाय ती झिजते, तिला धार लावावी लागते आणि शेवटी नवी करावी लागते. समजा, एका वस्तूच्या सगळ्या डाय करायला दहा लाख रुपये लागले. एक लाख नग विकले गेले तर नगामागे डायचा खर्च दहा रुपये. पाच हजारच विकले गेले तर तोच खर्च दोनशे रुपये. पत्रा तोच, मजुरी तीच, पण वस्तू गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर जाते. संख्येमुळे स्वस्त झालेली वस्तू संख्या घटली की टिकू शकत नाही. म्हणून अशा वस्तू हळूहळू महाग होत बंद पडत नाहीत, एका ठरावीक दिवशी बंद होतात. डाय झिजलेली असते, नवी करायची की नाही हा प्रश्न टेबलावर येतो, गेल्या वर्षीचा विक्रीचा आकडा कुणीतरी वाचून दाखवतं आणि पुढच्या वर्षीच्या किंमतपत्रकातून एक ओळ कमी होते. कोणत्याही बैठकीत ती वस्तू वाईट आहे असं कुणी म्हणत नाही.

त्यातून गिरणी टिकाऊ. आत मोटार नाही, स्प्रिंग नाही, तुटण्यासारखं फारसं काहीच नाही. पुसून कोरडी ठेवली तर चाळीस वर्षं सहज जाते. घेणाऱ्याच्या दृष्टीने हे सुखच. विकणाऱ्याकडे मात्र तो गिऱ्हाईक आयुष्यात एकदाच येतो. भाजी-गाळणी निदान प्रत्येक नव्या संसाराला लागते, कारण बटाटा, टोमॅटो, बाळाचं जेवण सगळं तिच्यातून जातं. पार्सली-पुदिन्याची स्वतंत्र गिरणी हवी असं वाटणारी घरं मुळातच थोडी. त्या सगळ्यांनी एकेक घेतली की बाजार भरला. पुढे जुन्या गिरण्याच नव्या गिरणीच्या आड येतात. आजी गेल्यावर नातीला मिळालेली गिरणी चालूच असते, मग नात दुकानात कशाला जाईल? चॅरिटी शॉपमध्ये किरकोळ किमतीला मिळणारी गिरणीही तितकंच चांगलं कापते. वस्तू जितकी चांगली घडवली तितकी तिची पुढची विक्री लांबणीवर पडते. अवजाराच्या गुणांची ही शिक्षा अवजारालाच होते, आणि हे मनाला लागतं.

दरम्यान स्वयंपाकघरच बदलत होतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये पिएर व्हेर्दाँ यांचं मॅजिमिक्स आलं. तीच कल्पना कार्ल सॉन्टहायमर यांनी ‘क्विझिनार्ट’ नावाने अमेरिकेत नेली आणि १९७३ साली शिकागोच्या गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात मांडली. एकाच भांड्यात कणीक, किसलेलं गाजर, चिरलेला कांदा आणि बारीक पार्सली. फूड प्रोसेसरमधली पार्सली गिरणीइतकी एकसारखी होत नाही, पातं जास्त वेळ फिरलं तर तिला पाणी सुटतं, हे प्रत्येक जाणता स्वयंपाकी सांगेल. पण ओट्यावर आणि कपाटात जागा मोजकीच असते. अनेक कामं बरी करणारं एक यंत्र घरात आलं की एकच काम उत्तम करणाऱ्याला माळा दाखवला जातो.

आणखी तीन बदल झाले. इंग्लंडात पुदिन्याचा सॉस तयार बाटलीत मिळू लागला. फ्रान्समध्ये चिरून गोठवलेल्या पार्सलीचे डबे आले. पॅरिसच्या दक्षिणेला मिली-ला-फोरे हे गाव पेपरमिंटसाठी पूर्वापार नावाजलेलं. तिथली दारेगाल ही १८८७ सालची घरगुती कंपनी पुढे गोठवलेल्या वनस्पतींच्या धंद्यात मोठी झाली. डबा उघडा, चमचाभर घाला, बाकीचा परत फ्रीझरमध्ये. या डब्याने गिरणीचीच काय, चाकूचीही गरज कमी केली. तिसरा बदल बारीक आहे, पण तो विसरता येत नाही. घरोघरी डिशवॉशर आला. टिनचा मुलामा दिलेला पत्रा डिशवॉशरच्या तीव्र साबणात टिकत नाही. मुलामा उडतो आणि खालचं पोलाद गंजतं. गिरणीच्या दात्यांत अडकलेलं पान काढायला ब्रश घेऊन नळाखाली उभं राहावं लागतं, आणि लगेच पुसूनही ठेवावं लागतं. आधीच्या पिढीला ही कटकट वाटत नव्हती, सगळीच भांडी तशी हाताने घासायची होती. भांडी यंत्रात लावून दुसऱ्या कामाला लागणाऱ्या घरात मात्र हातानेच धुवायची एकच वस्तू डोळ्यांवर येते. गंजणाऱ्या पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलचं अंग करता आलं असतं. पण त्यासाठी नव्या डाय, आणि नव्या डायसाठी तीच संख्या.

मुलिनेक्सचं स्वतःचं लक्षही कधीच दुसरीकडे वळलेलं होतं. १९५६ साली कंपनीची विजेवर चालणारी स्वस्त कॉफीची गिरणी आली, तिला अफाट यश मिळालं आणि पुढच्याच वर्षी कंपनीने मुलिनेक्स हे नाव घेतलं. नंतर त्यांचीच ‘मुलिनेत’ आली. झाकण दाबलं की फिरणारी ही लहानशी विजेची कातरणी कांदा, मांस, पार्सली सगळं बारीक करी. हाताच्या गिरणीला सर्वांत मोठा धक्का कोणा परक्याने दिला नाही, तो घरातूनच बसला. मोठ्या घरात धाकट्या वस्तूंचं असंच होतं. विक्रेत्याला ज्यात जास्त नफा त्याची जाहिरात होते, आणि कारखान्यातली चांगली माणसं तिकडे लावली जातात.

पुढची कंपनीची कथा दुःखाची आहे. मांतल्यांना मूलबाळ नव्हतं. वारस कोण, यावरून वरिष्ठांत वर्षानुवर्षं रस्सीखेच चालली. १९८८ साली कंपनी तिच्याच कर्मचाऱ्यांनी विकत घेतली. १९९१ साली मांतले वारले, आणि त्याच वर्षी कंपनीने जर्मनीची क्रुप्स विकत घेऊन कर्जाचं मोठं ओझं अंगावर घेतलं. सप्टेंबर २००१मध्ये मुलिनेक्सने दिवाळं जाहीर केलं. जुनी प्रतिस्पर्धी कंपनी सेब हिने त्यातला काही भाग घेतला, पण आलाँसाँ आणि काँजवळचं कोर्मेल-ल-रोयाल इथले कारखाने बंद झाले आणि नॉर्मंडीतली हजारो माणसं बेकार झाली. यांतल्या कित्येक बायकांनी उभं आयुष्य कारखान्यातल्या जुळणीच्या पट्ट्यांवर काढलं होतं. एखादी वस्तू का बंद झाली, याचं उत्तर पुष्कळदा त्या वस्तूत नसतंच. मालकी बदलते, कर्ज वाढतं, नव्या मालकाला आठशे वस्तूंपैकी दोनशेच ठेवायच्या असतात, आणि यादीच्या शेवटी असलेल्या वस्तूचा कुणी वेगळा विचारही करत नाही.

या सगळ्याकडे मराठी घरातून पाहिलं तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. मांतल्यांच्या भाजी-गाळणीची रचना मराठी माणसाला अगदी ओळखीची आहे. भोकांची जाळी, तिच्यावर तिरकं दाबून फिरणारं पातं आणि वर मूठ, हे आपलं पुरणयंत्रच. शिजलेली डाळ आणि गूळ त्यातून फिरवला की पाट्यावर वाटल्यासारखं मऊ पुरण खाली पडतं. पुरणयंत्र म्हणजे तर आणखीच नेमक्या कामाची वस्तू. वर्षातून चार-सहा वेळा बाहेर निघते, होळीला, पोळ्याला, श्रावणात, गौरीला. एरवी माळ्यावर. ती टिकतेही पिढ्यानपिढ्या. वरचा सगळा हिशोब लावला तर पुरणयंत्र केव्हाच बंद पडायला हवं होतं. ते पुण्यात तुळशीबागेत आजही टांगलेलं असतं, आणि त्या त्या सणाच्या आधी चार दिवस दुकानदार ते पुढे काढून ठेवतो.

कारण दोन गोष्टी. एक, पुरणपोळी ही सणाची अट आहे. नव्या संसाराला पुरणयंत्र लागतंच, मग ते पाच वर्षं माळ्यावर राहिलं तरी चालेल. इथे मागणी कॅलेंडरमधून येते, कुणाच्या आवडीनिवडीवर अवलंबून राहत नाही. इंग्लंडातल्या पुदिन्याच्या सॉसला असं कॅलेंडर लाभलं नाही. तो ईस्टरला होतो, पण बाटलीतला चालतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पुरणयंत्र कोणा एका मोठ्या कंपनीच्या हाती नाही. भांडी बनवणारे लहान कारखाने बाकीच्या डझनभर वस्तूंबरोबर तेही करतात. लहान कारखान्याला वर्षाला काही हजार नगांवर भागतं, यंत्रं दुसऱ्या कामात फिरवता येतात, आणि संचालक मंडळाला आकडे दाखवावे लागत नाहीत. त्याची रचना कुणा एकाची मालकी नसल्याने एकाने सोडलं तर दुसरा करतो. मुली पार्समिंटचं सगळं एकाच घरात होतं. डाय तिथेच, पेटंट तिथेच, नावही तिथलंच. ते घर वळलं तेव्हा गिरणी उचलून धरायला दुसरं कुणी नव्हतं. मोठ्या कंपनीच्या हातून निघालेल्या थोडक्यांच्या आवडत्या वस्तूला हाच धोका सर्वांत मोठा असतो, असं या दोन भावंडांकडे पाहून ठामपणे म्हणता येतं.

मोठ्या नावाची गिरणीही टिकू शकते, पण त्याला वेगळी युक्ती लागते. मोटारी करायच्या कितीतरी आधीपासून प्यूजो गिरण्या करत आलं आहे. कॉफीची गिरणी १८४०ची, मिऱ्याची १८७४ची. मिऱ्याच्या गिरणीच्या पोटात कठीण केलेल्या पोलादाचे सर्पिल दाते असतात. वरचे दाते मिरीचा दाणा धरून जागेवर आणतात, खालचे तो फोडतात. हे पोट मोजक्याच प्रकारांचं असतं, त्याच्या भोवतीचं अंग मात्र लाकडाचं, काचेचं, स्टीलचं, हातभर उंच किंवा बोटभर, शंभर तऱ्हांचं. डायचा खर्च एकाच पोटावर आणि नफा शंभर अंगांवर. शिवाय मिरी सगळ्यांनाच लागते, हॉटेलच्या प्रत्येक टेबलावर एकेक गिरणी लागते, आणि लग्नात भेट द्यायलाही ती चालते. पार्सलीच्या गिरणीचं पोट दुसऱ्या कोणत्याच अंगात बसत नव्हतं. तिच्यात सुका मसाला दळता येत नव्हता आणि कांदा चिरता येत नव्हता. ओली, पातळ पानं कातरण्यासाठीच तिचे दाते घडले होते. तिची सगळी किमया त्या नेमकेपणात होती, आणि तो तिला महाग पडला.

हीच कहाणी उलट्या दिशेने प्रवास करत महाराष्ट्रातूनही गेली आहे. मुंबईत सीमेन्समध्ये अभियंता असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी १९६३च्या सुमारास ब्राउनचा जर्मन ब्लेंडर बंद पडला. तो फळांचे रस आणि सूप यांसाठी घडवलेला. त्यात ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, सुक्या मिरच्या घातल्या की मोटार तापून जाणारच. पत्नी माधुरी माथुर यांची अडचण पाहून त्यांनी स्वतःच ताकदीची मोटार आणि आपल्या वाटणाला साजेशी पाती असलेलं यंत्र केलं. १९७०च्या सुमारास ते ‘सुमीत’ नावाने बाजारात आलं. पुढच्या दोन दशकांत मराठी घरातही मिक्सर म्हणजे सुमीत असंच समीकरण झालं होतं. पाटा-वरवंट्यावर गुडघे मोडून बसण्यातून एका पिढीला त्याने उठवलं.

अमेरिकेत गेलेल्या भारतीयांनी सुमीत तिकडे नेला, आणि तिथल्या स्वयंपाकाच्या हौशी मंडळींना त्याच्यात वेगळंच काही सापडलं. थाई करीची पेस्ट करायची तर गवती चहाचे चिवट देठ, गलंगल, लसूण, कोथिंबिरीची मुळं, मिरच्या हे सगळं जवळजवळ पाण्याशिवाय वाटावं लागतं. तिथला ब्लेंडर पाणी घातल्याशिवाय फिरतच नाही, आणि पाणी घातलं की पेस्ट तळली जात नाही, उकडते. सुमीतचं ‘मल्टी ग्राइंड’ हे लहान वाटण-यंत्र हे काम करू शके. भारतीय नसलेल्या स्वयंपाक्यांतही ते फार प्रिय झालं. तरीही काही वर्षांत ते तिथे मिळेनासं झालं.

इथेही तीच कारणं वेगळ्या वेशात दिसतात. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. म्हणजे मोटारीची वाइंडिंग वेगळी, प्लग वेगळा, सुरक्षेच्या चाचण्या आणि शिक्के वेगळे. घरच्या बाजारातल्या लाखोंच्या विक्रीपुढे ही संख्या नगण्य. सुटे भाग सातासमुद्रापलीकडे ठेवायचे, म्हणजे भांड्याखालचा रबराचा कपलर झिजला तरी वाट पाहणं आलं. आणि सुमीतच्या घरातही तेढ होती. नावाच्या मालकीवरून एकाच कुटुंबातल्या दोन बाजू न्यायालयात गेल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९९४ साली निकाल आला. एका ट्रेडमार्कला उगम एकच आणि मालक एकच, दोन उगम असू शकत नाहीत, असं तत्त्व त्यात मांडलं गेलं. आज ट्रेडमार्कच्या वकिलांना हा निकाल पाठ असतो. न्यायालयाच्या पायऱ्यांवर गेलेली ती वर्षं प्रतिस्पर्ध्यांनी वाया घालवली नाहीत. चेन्नईच्या प्रीतीसारख्या कंपन्या पुढे आल्या, अमेरिकेतल्या भारतीयांसाठी तिथल्या विजेवर चालणारे मिक्सर करू लागल्या आणि २०११ साली फिलिप्सने प्रीती विकत घेतली. वाटणाची सोय परदेशातही राहिली. सुमीतचं ते नेमकं छोटं यंत्र मात्र ज्यांच्याकडे आहे त्यांनी कपलर जपून वापरावा, अशी स्थिती आली.

कपलर, पातं, रूळ, जाळी. अवजाराचं आयुष्य शेवटी झिजणाऱ्या भागावर ठरतं, आणि तो भाग कोण देतं यावर. पाटा-वरवंटा गेला तो निव्वळ मिक्सरमुळे नाही. पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावावी लागे, छिन्नीने ठोके मारून त्याचा खरखरीतपणा परत आणावा लागे. हे काम करणारी माणसं गल्लीगल्लीतून हाक देत फिरत. शहरांतून ती दिसेनाशी झाली, आणि घरातला पाटा जागच्या जागी निकामी झाला. दगड फुटला नव्हता, कारखानाही बंद पडला नव्हता. त्याची निगा राखणारा हात तेवढा नाहीसा झाला. ज्या गावांत तो हात आहे तिथे पाटा आजही चालतो आणि त्यावरच्या चटणीची चव घरातले लोक सोडायला तयार नसतात.

सध्या बाजारात दोरी ओढून फिरवायचे प्लॅस्टिकचे चॉपर ढिगाने मिळतात. कोथिंबीर त्यांत होते, पण पातं बोथट झालं की ती कातरली जात नाही, चेचली जाते. दोरी तुटते, आणि चॉपर कचऱ्यात जाऊन दुसरा येतो. विक्रेत्याच्या वहीत हे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा दिसतं. म्हणून ही वस्तू बंद होत नाही. गुणाने ती पार्सलीच्या गिरणीच्या जवळपासही नाही. बाजार गुणांची कदर करत नाही असं रागाने म्हणावंसं वाटतं, पण बाजार फक्त पुन्हा येणारं गिऱ्हाईक मोजतो, आणि चांगलं अवजार घेतलेला माणूस पुन्हा येत नाही. हा पेच कंपनीच्या चांगुलपणावर सोडून सुटणार नाही. तो सुटे भाग विकून सुटू शकतो. गिरणी एकदाच विकली जाते, पण तिचा दातेरी रूळ कधी ना कधी बोथट होतो. नुसता रूळ मिळाला असता तर आवडीने वापरणारी माणसं तो घ्यायला परत आली असती, आणि डाय करण्याचा काही खर्च त्यातून निघाला असता.

मुलिनेक्सचं नाव आज जिच्याकडे आहे त्या सेबने आपली बरीचशी विजेची उपकरणं पंधरा वर्षं दुरुस्त करता येतील अशी हमी दिली आहे आणि सुट्या भागांचं मोठं कोठार फ्रान्समध्येच ठेवलं आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१पासून मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, धुलाई यंत्र आणि गवत कापायचं यंत्र यांवर वस्तू किती दुरुस्त होऊ शकते याचे गुण छापणं सक्तीचं केलं. दिशा चांगली आहे. पण हे सगळं विजेच्या वस्तूंसाठी. किंमतपत्रकातून गेलेल्या हाताच्या गिरणीला त्याचा उपयोग नाही. कंपनीने वस्तू थांबवली तर तिच्या झिजणाऱ्या भागांची रेखाचित्रं खुली करावीत, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. त्यातून कंपनीचं काही जात नाही, ती वस्तू ती विकणारच नसते. पार्समिंटच्या रुळाचं माप, दात्यांची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर एका कागदावर मावतं. तेवढा कागद मिळाला तर पुण्याजवळच्या भोसरीत किंवा फ्रान्सच्या एखाद्या खेड्यात, लेथ आणि मिलिंग यंत्र असलेला कुणीही कारागीर पन्नास रूळ स्टेनलेस स्टीलमध्ये करून देईल, आणि ते डिशवॉशरमध्ये गंजणारही नाहीत.